हे झाड कोणते, हे कोणी सांगावे?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शहरांतल्या बाजारांत ‘सोने’ म्हणून जे ढीग लागतात, त्यांत आपट्याबरोबर कांचनाच्या फांद्याही सर्रास असतात. दोघांची पाने टोकाशी दुभंगलेली आणि दोघे एकाच प्रजातीतले, त्यामुळे घाईत घेणाऱ्याची फसगत होते. आपट्याचे पान लहान, चिवट आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असते. कांचनाचे त्याहून मोठे. हा फरक कोणी दाखवून दिला की एक ठरलेले उत्तर येते: भाव शुद्ध असला म्हणजे झाले, पान कोणते याला काय महत्त्व? हे उत्तर ऐकायला उदार वाटते, पण ज्या परंपरेच्या नावाने ते दिले जाते तिने हा प्रश्न इतका सहज सोडलेला नाही. पूर्वमीमांसेत प्रतिनिधी-द्रव्यांचा सविस्तर विचार आहे. यज्ञासाठी सांगितलेला व्रीही मिळाला नाही तर नीवार, म्हणजे देवभात, चालतो. सोम मिळाला नाही तर पूतिका चालते. मात्र मूळ द्रव्य हाताशी असताना बदली चालत नाही, बदली द्रव्याचे मुळाशी साम्य हवे, आणि ते वापरतानाही लक्ष मुळावरच असायला हवे. या अटी पाळायच्या तर मूळ कोणते आणि बदली कोणती, हे आधी ठाऊक असावे लागते. न कळता वाटलेला कांचन हा आपट्याचा प्रतिनिधी ठरत नाही, ती नुसती चूक ठरते. सोमाचे काय झाले ते पाहावे. बदलीची सवय इतकी मुरली की मूळ वनस्पती ओळखणाराच उरला नाही. आज कोणी एफेड्राकडे बोट दाखवतो, तर 1968 साली गॉर्डन वॉसन यांनी चक्क एका अळंबीचे नाव पुढे केले. विधी शाबूत आणि वनस्पती बेपत्ता, अशी ही अवस्था आहे.

तेव्हा प्रश्न श्रद्धेचा असला तरी त्याच्या पोटात ज्ञानाचा प्रश्न आहे. रानात समोर उभ्या असलेल्या झाडाचे नाव आपल्याला कळते ते कशाने? डोळ्यांनी नव्हे. पान, फूल, साल, चीक, वास हे सगळे इंद्रियांना मिळते, पण नाव झाडावर कुठेच नसते. ते कोणीतरी सांगावे लागते. नैयायिकांनी उपमान हे वेगळे प्रमाण मानले ते नेमके याच गाठीसाठी. त्यांचे प्रसिद्ध उदाहरण गवयाचे आहे: गाईसारखा दिसतो तो गवय, असे अरण्यवासी माणूस शहरवासीयाला सांगतो, पुढे शहरवासी रानात जातो, तसा प्राणी पाहतो, आणि ‘गवय’ म्हणतात तो हाच, हे त्याला उमगते. वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या भाष्यात याच्या जोडीला दोन वनस्पती दिल्या आहेत, मुद्गपर्णी आणि माषपर्णी. मुगासारखी ती मुद्गपर्णी, उडदासारखी ती माषपर्णी, एवढे ऐकून औषधासाठी निघालेला माणूस त्या रानवेली ओळखून आणतो. प्रमाणशास्त्रातल्या एका मूलभूत प्रकाराचे उदाहरण म्हणून रानटी वनस्पतीची ओळख निवडली जावी, हा मला योगायोग वाटत नाही. नाव आणि वस्तू यांची गाठ ऐकलेले आणि पाहिलेले एकत्र आल्याशिवाय बसत नाही, हे जिथे रोज अनुभवाला येते असे ते क्षेत्र आहे. बौद्ध तार्किकांनी उपमान हे स्वतंत्र प्रमाण नाही, असे म्हटले. त्यांचे म्हणणे मान्य केले तरी सांगणाऱ्याची गरज संपत नाही, ती फक्त दुसऱ्या खात्यात जाते.

आता सांगणारा कोण, याकडे वळू. गवयाच्या गोष्टीत शिकणारा शहरवासी आहे आणि शिकवणारा रानातला. ज्याच्या शब्दावर विसंबावे त्या ‘आप्ता’ची व्याख्या करताना वात्स्यायन दोनच गोष्टी मागतो: त्याने ती गोष्ट स्वतः साक्षात जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. पुढे तो अशी पुस्ती जोडतो की ही व्याख्या ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखीच लागू आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या, वर्णभेदाने ग्रासलेल्या समाजात लिहिलेली ही ओळ आहे, हे लक्षात ठेवावे. तिचा अर्थ गंभीरपणे घेतला तर ‘तज्ज्ञ’ आणि ‘हौशी’ ही माणसांची वर्गवारी उरत नाही. अधिकार पदवीला, पदाला किंवा जातीला चिकटलेला नसतो. तो एका विशिष्ट विधानाला, एका विशिष्ट वनस्पतीपुरता लागतो. तोच माणूस एका झाडाच्या बाबतीत आप्त असू शकतो आणि शेजारच्या झाडाच्या बाबतीत नसू शकतो. भारतातल्या रानवनस्पतींच्या ओळखीचा सगळा व्यवहार याच पायावर उभा राहिला आहे आणि पुढेही तो यावरच उभा राहू शकेल, एवढेच मला म्हणायचे आहे.

इतिहास याला साक्ष देतो. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी आणि इतर वनवासी यांना औषधी वनस्पती नावाने आणि रूपाने ठाऊक असतात. सुश्रुतही वैद्याला गुराखी, तपस्वी, व्याध आणि रानात कंदमुळांवर जगणारे यांच्याकडून वनस्पतींची माहिती घ्यायला सांगतो. सतराव्या शतकात कोचीनच्या डच सत्तेचा प्रमुख हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ‘हॉर्टुस मलबारिकुस’ सिद्ध केला. 1678 ते 1693 या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. सातशेहून अधिक वनस्पतींच्या या ग्रंथाला आधार होता इट्टी अच्युदन या एळवा वैद्याचा आणि रंगभट, विनायक पंडित व आपूभट या तीन कोकणी ब्राह्मणांचा. पहिल्या खंडात या सर्वांची प्रमाणपत्रे छापली आहेत. तिघा ब्राह्मणांचे कोकणीत, देवनागरी लिपीत आहे. उच्च आणि नीच मानल्या गेलेल्या जातींच्या माणसांनी एकाच ग्रंथाच्या खरेपणाची ग्वाही द्यावी, असे दृश्य त्या काळात दुसरीकडे शोधून सापडणार नाही. त्यांना एकत्र आणले ते समतेच्या तत्त्वाने नव्हे, वनस्पतींनी. पुढे लिनीअसने भारतीय वनस्पतींना नावे देताना याच ग्रंथातली चित्रे वापरली. आपल्याकडे पाहिले तर 1861 सालच्या ‘बॉम्बे फ्लोरा’च्या दोन लेखकांपैकी गिब्सन शल्यवैद्य होता, आणि डाल्झेलने भारतातल्या नोकरीची सुरुवात जकात खात्यात केली होती. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ आजही प्रमाण मानून चाळला जातो, तो 1901 ते 1908 या काळात लिहिणारा थिओडोर कुक हा रेल्वेत काम केलेला अभियंता आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा प्राचार्य. मुंबईच्या सेंट झेवियर्समधले सांतापाव जेझुइट धर्मगुरू होते. ते पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. आणि 2001 साली ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ काढून हजारो भटक्यांच्या पाठपिशवीत वनस्पतिशास्त्र पोचवणारे पुण्याचे श्रीकांत इंगळहळीकर हेही अभियंतेच. ज्यांना आज आपण तज्ज्ञांचे तज्ज्ञ म्हणतो, त्यांतले कितीतरी जण व्यवसायाने हौशी होते.

मग फरक काहीच नाही का? फरक आहे, आणि तो नीट सांगितला नाही तर वरचा सगळा इतिहास नुसता भाबडेपणाकडे नेईल. नैयायिकांच्याच भाषेत सांगायचे तर हौशी माणूस साधर्म्याने ओळखतो आणि मुरलेला माणूस वैधर्म्याने. ‘हे त्याच्यासारखे दिसते’ इथे पहिला थांबतो. ‘हे त्याच्यासारखे दिसते, पण ते नव्हे, कारण…’ इथून दुसऱ्याचे काम सुरू होते. पावसाळ्यात घराघरांत भाजीला येणारा टाकळा घ्या. त्याला पिवळे फूल आहे, जोड्याजोड्यांनी पर्णिका आहेत, शेंग आहे. एवढ्या लक्षणांवर त्याची ओळख पक्की केली तर कासविंदाही टाकळ्यातच जमा होतो. तर्कशास्त्रात याला अतिव्याप्ती म्हणतात. टाकळ्याला पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या, त्यांची टोके बोथट, शेंग लांब, बारीक आणि वाकडी. कासविंद्याला चार-पाच जोड्या, टोके अणकुचीदार, शेंग चपटसर आणि कडांना फिकट. टाकळ्याच्या पानाच्या कण्यावर खालच्या पर्णिकांच्या मध्ये बारीक ग्रंथी असते. कासविंद्यात ती देठाच्या बुडाशी असते. ही ग्रंथी पाहायची असते हे ज्याला माहीत आहे, तो त्या क्षणापुरता तज्ज्ञ. वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत ओळख पटवण्यासाठी जी सारणी असते, तिची प्रत्येक पायरी अशा वैधर्म्याची असते: पाने समोरासमोर की एकाआड एक, अंडाशय वरचा की खालचा. लक्षण म्हणजे असाधारण धर्म, आणि ते अव्याप्ती, अतिव्याप्ती, असंभव या तीन दोषांपासून मुक्त हवे, हा आपल्या तर्कग्रंथांचा आग्रह आणि वर्गीकरणशास्त्रज्ञाचा आग्रह यांत मला तरी काही अंतर दिसत नाही. काही ठिकाणी हा असाधारण धर्म डोळ्यांच्या टप्प्यातच नसतो. कासच्या पठारावर पांढऱ्या ठिपक्यांसारखे पसरणारे गेंद घ्या. त्यांतल्या अनेक जाती एकमेकींपासून वेगळ्या काढायला बियांवरची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. तिथे कितीही सुंदर छायाचित्र असले तरी प्रामाणिक उत्तर ‘गेंदाची एखादी जाती’ एवढेच असू शकते. त्याहून पुढचे नाव जो छातीठोकपणे सांगतो, त्याची पदवी कोणतीही असो, आप्ताची पहिलीच अट त्याने मोडलेली असते.

यावर सर्वांत जड आक्षेप विषाचा आहे. चुकीची ओळख ही वादविवादातली हार नसते, तिने माणसे मरतात. मग अधिकार असा वाटून कसा चालेल? पश्चिम उत्तर प्रदेशात सहारनपूर, बिजनौर या भागांत वर्षानुवर्षे पावसाळा सरताना लहान मुले अचानक बेशुद्ध होऊन दगावत. विषाणूजन्य मेंदूज्वर म्हणून त्याकडे पाहिले जाई. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की ही मुले कासविंद्याच्या शेंगांतले दाणे खात होती. 2016 साली ओडिशाच्या मलकानगिरीत आदिवासी मुले दगावली, तेव्हाही टी. जेकब जॉन यांच्यासारख्या जाणत्या विषाणुतज्ज्ञाने याच वनस्पतीकडे बोट दाखवले. म्हणजे रानाच्या कुशीत राहूनही ओळख आपोआप येत नाही, आणि डॉक्टरकीची पदवी असूनही येत नाही. हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो, पण तो कोणाच्या विरुद्ध जातो ते पाहावे. तो हौशी माणसाच्या जितका विरुद्ध जातो तितकाच पदवीधराच्याही जातो. तो जातो ‘जाणकार लोक’ नावाच्या गटावर सरसकट विश्वास टाकण्याच्या विरुद्ध. स्वतः चरकही गुराख्याला नावरूपाचे श्रेय देऊन थांबत नाही. केवळ नाव आणि रूप कळल्याने औषधीचे पूर्ण ज्ञान झाले असे होत नाही, असे तो लगेच बजावतो आणि न ओळखलेल्या औषधाला विष, शस्त्र, अग्नी आणि वज्र यांच्या रांगेत बसवतो. एक गोष्ट ओळखणारा आणि तिचे परिणाम जाणणारा, अशी दोन वेगळी आप्तपदे त्याने केली आहेत.

इथे आपल्याच दर्शनांतला एक जुना वाद उपयोगी पडतो. ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते, बाधक काही पुढे येईपर्यंत ज्ञान खरेच धरावे, असे मीमांसक म्हणतात. प्रामाण्य बाहेरून तपासूनच ठरते, त्यावर विसंबून केलेली कृती सफल होते का हे पाहावे लागते, असे नैयायिक म्हणतात. ग्रंथांत हे दोन पक्ष एकमेकांना खोडून काढतात. रानवनस्पतींच्या बाबतीत मात्र मला दोन्ही खरे वाटतात, कारण कोणता पक्ष धरावा हे चुकीची किंमत किती, यावर ठरते. गडावर चढताना सोबत्याने एका फुलाला सीतेची आसवे म्हटले, तर मीमांसकाप्रमाणे वागावे: मानून घ्यावे, पुढे कोणी खोडले तर बदलावे. त्याच सोबत्याने एखादा कंद उकडून खायला सांगितले, तर मात्र नैयायिक व्हावे. ती वेल कळलावीची नाही ना, पानाच्या टोकाला तणावा नाही ना, हे तपासावे, कारण कळलावीचा कंद जीवघेणा आहे. कोकणात शेवळाची भाजी काकडाची फळे घालून करतात. ही परंपरा पिढ्यान्‌पिढ्या खाऊन तपासलेली आहे. तिचे प्रामाण्य नैयायिकाच्या कसोटीलाही उतरते, आणि तिला प्रयोगशाळेच्या शिक्क्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. तज्ज्ञ नुसता पाहत नाही, तो ठरवतो. जातीच्या सीमा आणि नावे त्याच्याच हातात असतात, मग त्याची बरोबरी कशी व्हावी? याचे सर्वांत बोलके उदाहरण बाभळीचे. ‘अकेशिया’ या प्रजातीचा मूळ आधारनमुना बाभूळच होती. पुढे ही अवाढव्य प्रजाती फोडायची वेळ आली तेव्हा 2005 साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ते नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे ठेवायचा निर्णय झाला, 2011 साली मेलबर्नला तो कायम राहिला, आणि आपली बाभूळ ‘व्हॅचेलिया’ झाली, खैर ‘सेनेगालिया’ झाला. म्हणजे अखेरीस मतदानाने! यात संशोधकांना सोय दिसली असेल, पण बाभळीचे एक पानही बदलले नाही. पदाचा अर्थ काय, या प्रश्नावर न्यायसूत्रांनी दिलेले उत्तर मला इथे सर्वांत समतोल वाटते: व्यक्ती, आकृती आणि जाती हे तिन्ही मिळून पदार्थ. वनस्पतिशास्त्र नकळत हेच करते. नाव बांधलेले असते एका व्यक्तीला, म्हणजे एखाद्या संग्रहालयात वाळवून ठेवलेल्या एका नमुन्याला, कधी ते आकृतीला बांधलेले असते, कारण ‘हॉर्टुस मलबारिकुस’मधली काही चित्रे आजही लिनीअसच्या नावांचे आधारनमुने आहेत, आणि ते वापरले जाते जातीसाठी. संस्थेचा अधिकार नावाची गाठ कुठे मारायची यावर आहे, आणि तो असावाच. समोरचे झाड त्या गाठीत बसते की नाही, हा प्रश्न मात्र पुन्हा पाहणाऱ्याचा होतो. उलट गाठ मारणारी संस्थाच नसेल तर काय होते, हे ‘रास्ना’ दाखवते. उत्तरेत एक वनस्पती रास्ना म्हणून वापरतात, दक्षिणेत कुलंजनाच्या जातीची दुसरीच, आणि बंगालात झाडावर वाढणारे एक आमर. शंखपुष्पीचीही तीच कथा. इथे कोणी अडाणी नव्हते. प्रत्येक प्रांतातला वैद्य आपल्या गुरूचे ऐकत होता. शब्द होता, आकृती होती, ती एका व्यक्तीला बांधून ठेवण्याची सोय नव्हती. म्हणून नमुनासंग्रहांचा आणि ते सांभाळणाऱ्या पगारी वर्गीकरणतज्ज्ञांचा मी पक्का समर्थक आहे. त्यांच्या जागा रिकाम्या ठेवून ‘आता हौशी मंडळी आहेतच’ असे म्हणणे ही शुद्ध लबाडी होय.

फोनमधले ॲप हा तिसरा आक्षेप. छायाचित्र दाखवले की क्षणात नाव येते, मग आप्त हवा कशाला? ॲप हे साधर्म्याचे यंत्र आहे आणि त्या कामात ते अनेक माणसांपेक्षा तरबेज आहे. पण ज्या वैधर्म्यावर ओळख ठरते ते छायाचित्रात आलेच नसेल तर ते सहसा ते मागून घेत नाही. पान उलटून दाखव, चीक निघतो का पाहा, असे ते क्वचितच म्हणते. शिवाय पाहिले तसे सांगण्याची इच्छा, ही आप्ताची दुसरी अट, यंत्राला लावताच येत नाही. ते खोटे बोलत नाही हे खरे, पण चुकले तर त्याला काही वाटतही नाही. सुरुवातीचा धागा म्हणून ते खुशाल वापरावे, भाजीच्या टोपलीवर ते शेवटचा शब्द असू नये.

तेव्हा रानात हिंडणाऱ्यांना एक विनंती. फुलाचे छायाचित्र काढाल तेव्हा पानाची मागची बाजू, देठाचे बूड, खोड, फळ आणि संपूर्ण झाडही टिपा. ठिकाण, महिना आणि जमीन कशी आहे ते लिहा. स्थानिक माणसाने नाव सांगितले असेल तर ते तसेच्या तसे नोंदवा. आणि नाव सांगणाऱ्या जाणत्यांना दुसरी विनंती: नावाबरोबर ते कशावरून सांगितले तेही एका ओळीत लिहा, आणि जिथे सांगता येत नाही तिथे प्रजातीशी थांबा.